१३ वर्षं जुनी डिझेल सात सीटर, १ लाख ८६ हजार किमी झालेत. दीड लाख खर्च करू का काढून टाकू?

कोयनाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण सगळं एकदाच सांगितलं तर तुम्हाला उत्तर देणं सोपं जाईल.

आमच्याकडे डिसेंबर २०१२ ला बाबांनी शोरूममधून नवीन घेतलेली डिझेल एसयूव्ही आहे, लॅडर चेसीवाली (खाली शिडीसारखी वेगळी लोखंडी फ्रेम), पाच गिअर मॅन्युअल, मागे समोरासमोरच्या दोन सीट धरून सात जणांची. कंपनी मुद्दाम लिहीत नाहीये कारण मग सगळी चर्चा ही कंपनी चांगली का ती चांगली याच्यावर जाते आणि माझा प्रश्न गाडीच्या वयाचा आहे. बाबा शाळेत मास्तर होते, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली पहिली आणि एकच गाडी. त्यांनी एक वही ठेवली होती, त्यात कुठल्या तारखेला किती किलोमीटरला काय बदललं ते सगळं लिहिलेलं. २०१९ ला त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी माझ्याकडे आली, तेव्हापासून वहीत काही लिहिलं गेलेलं नाही. ही माझी चूक आहे, मान्य.

आता झालं काय, यंदा गणपतीला गुहागरजवळ आमच्या मूळ गावी गेलो होतो. येताना सात जण, कॅरियरवर बॅगा आणि नारळाचं पोतं, एसी चालू. चिपळूण सोडून पोफळीच्या पुढे कुंभार्लीचा चढ लागला, पुढे एक ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होता आणि ओव्हरटेकला जागाच नाही. निम्म्या घाटात काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला तोपर्यंत बॉनेटमधून वाफ. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद केलं. रेडिएटरचा वरचा होज पाइप फाटला होता. आई, आत्या, बायको, दोन्ही मुली पावसात रस्त्याच्या कडेला उभ्या, बाबा गाडीतच बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी एका टेम्पोवाल्यानं त्याच्याकडचा होज कापून बसवून दिला, पाणी भरलं आणि कसंबसं कोयनानगर गाठलं.

सर्व्हिस सेंटरला दाखवली तर त्यांनी १ लाख ४२ हजारांचं एस्टिमेट काढून दिलं. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलतो तो) नवीन, चारी इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), पुढचं सगळं सस्पेन्शन, रेडिएटर, होज सेट. म्हणाले गाडीचं वय झालंय, एकदाच सगळं करून घ्या. मला पिकअप थोडा कमी वाटतो हे खरं आहे पण धूर मारत नाही, ऑइल पीत नाही.

मेव्हणा म्हणतो २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदललाय, मोठ्या गाड्यांवर सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचं ते आता सरसकट ४० झालंय, आत्ताच नवीन डिझेल घे. बजेट ताणून २० पर्यंत जाईल. पण आमचं चालणं बघा, रोज घर ते ऑफिस ४ किमी, परत ४ किमी, महिन्यातून एकदा पुणे किंवा कराड, आणि वर्षातून तीन-चार वेळा कोकण. वर्षाला जेमतेम ८-९ हजार किमी. डिसेंबर २०२७ ला १५ वर्षं पूर्ण होतायत.

तर प्रश्न असा की ही गाडी अजून चार-पाच वर्षं भरवशानं चालेल का, का घाटात पुन्हा घरच्यांना पावसात उभं करायची वेळ येईल? ज्यांनी अशी गाडी बारा-पंधरा वर्षं वापरलीय त्यांनी प्लीज लिहा.

पिवळीपाटी (नाशिक)

दादा, मी टुरिस्टमध्ये गाडी चालवतो, १७ वर्षं झाली. माझी पहिली २.५ डिझेल इनोव्हा ४ लाख ६० हजार किमीला दिली आणि ती इंजिन न खोलता दिली, घेणारा अजून चालवतोय, मध्ये शिर्डीला दिसली. त्यामुळे १ लाख ८६ हजार हा आकडा डिझेलला काही मोठा नाही, हे आधी डोक्यातून काढा.

पण एक सांगतो, माझ्या गाडीला ४ लाख सहा-सात वर्षांत झाले आणि तुमच्या गाडीला पावणेदोन लाख तेरा वर्षांत झालेत. यात फार फरक आहे. आमची गाडी रोज पळते, ऑइल गरम होतं, बॅटरी चार्ज होते, लोखंडाला लोखंड घासतं आणि त्याचं वेळच्या वेळी आम्ही बदलतो. तुमची गाडी उभी राहून म्हातारी झालीय. उभ्या गाडीत रबर मरतं. होज, बेल्ट, बुश, इंजिन माउंटिंग, ब्रेकचे पाइप, वायपर, टायर, सगळं रबर. किलोमीटर किती झाले यावर ते चालत नाही, वर्षं किती झाली यावर चालतं.

माझ्या इनोव्हाला टायमिंग बेल्ट होता, कंपनी काही म्हणो मी दर लाखाला बदलायचो कारण तो तुटला की इंजिनाचं काम निघतं. २०१६ ला क्रिस्टा आली त्यात चेन आहे. तुमच्या गाडीला बेल्ट आहे का चेन ते आधी बघा, बेल्ट असेल आणि कधी बदलला ते वहीत सापडत नसेल तर दुसरं काहीही करायच्या आधी तो बदला.

आणि टर्बो न खोलता नवीन टाका म्हणणाऱ्याला विचारा, नक्की काय खराब झालंय ते दाखव. घाट चढून वर आल्यावर गाडी लगेच बंद करता का? मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवत जा. एवढं केलं तरी टर्बो खूप चालतो.

नोइडाकर

मूळचा यवतमाळचा, सध्या नोएडा. तुम्ही नशीबवान आहात एवढंच आधी सांगतो, कारण तुमच्याकडे निर्णय तुमच्या हातात आहे. इकडे दिल्ली एनसीआरमध्ये एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ ला १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. माझी २०११ ची डिझेल एसयूव्ही फक्त ९२ हजार चालली होती, आतून बाहेरून नव्यासारखी, तरी २०२१ ला मला ती इथून हलवावी लागली. इथले डीलर जे भाव सांगायचे ते ऐकून रडू यायचं. शेवटी एनओसी काढून भावाच्या नावावर यवतमाळला पाठवली, तिथं टॅक्स भरून एमएच नंबर घेतला. तीन-चार महिने कागदांत गेले. भाऊ आजही शेतावर आणि लग्नकार्यात तीच वापरतो.

महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षांनी आपोआप भंगारात जात नाही, हे घरच्यांना नीट सांगा, बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस झाला की आरसी पुढे ५ वर्षं वाढते. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. कारची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली, आधी ६०० होती. शिवाय पर्यावरण कर. म्हणजे २०२७ ही तारीख डोक्यावरची तलवार समजू नका. भावाची गाडी पुढच्या वर्षी त्याच रांगेत आहे.

कुडाळचा मेस्त्री

गॅरेज आहे आमचं, वडिलांपासून. कोयनाकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या एस्टिमेटमध्ये एक गोष्ट नाही ती म्हणजे गाडी गरम का झाली. होज फाटला तो गरम झाल्यामुळे फाटला, का होज आधी फाटला, पाणी गेलं आणि म्हणून गरम झाली? तुम्ही लिहिलंय काटा आधी वर सरकला आणि वाफ नंतर आली. म्हणजे गरम आधी झाली. मग नुसता होज बदलून पुढच्या गणपतीला तीच जागा, तोच घाट.

तुमच्यासारख्या उभ्या (पुढून मागे लांबीत बसवलेल्या) इंजिनाच्या गाडीला पंखा इंजिनावर असतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग असतं. आत सिलिकॉनचं तेल असतं, गरम झालं की ते पंख्याला पकडतं आणि पंखा जोरात फिरतो. बारा-तेरा वर्षांत ते तेल हळूहळू गळून जातं. सपाटीवर काही कळत नाही कारण ऐंशीच्या स्पीडला वारा समोरून रेडिएटरवर येतोच. कळतं कुठे तर भरलेली गाडी, पहिला गिअर, पुढे ट्रक, एसी चालू. म्हणजे तुमचं कुंभार्ली. आमच्याकडे आंबोली आणि फोंडा घाटातून अशा किती गाड्या टो करून आणल्या त्याला गणती नाही.

तपासायचं कसं ते सांगतो, घरी करता येतं. गाडी चांगली फिरवून गरम करा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि मगच पंख्याला हात लावा. हातानं ढकलला की अडखळत फिरून थांबला पाहिजे. दोन-तीन गिरक्या मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. कपलिंगच्या मध्यभागी तेलकट चिखल चिकटलेला असेल तरी तेच.

नंतर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण. झाकणाची किंमत काहीच नसते पण त्याच्यात प्रेशरची स्प्रिंग असते, ती ढिली झाली की प्रेशर धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. आणि कूलंट. खरं सांगा, गेल्या सहा वर्षांत कूलंट बदललंय का नळाचं पाणी वर वर टाकत आलात? नळाच्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो, मग कितीही नवीन होज टाका. वही काढून बघा शेवटची नोंद कधीची आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी एकदा वाफेपर्यंत गेलीय तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) बघून घ्या. कूलंट कुठून गळताना दिसत नाही तरी कमी होतंय का, सकाळी सुरू केल्यावर बराच वेळ पांढरा धूर येतो का, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर आहे का, थंड इंजिनला झाकण उघडून सुरू केलं तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का. यातलं काही नसेल तर तुम्ही वेळेवर बंद केली म्हणून वाचलात.

टर्बोचं म्हणाल तर पुढचा पाइप काढून शाफ्ट हातानं हलवून बघायचा. आडवा थोडा हलतो, तो हलणारच, आत-बाहेर हलायला नको. पिकअप कमी आहे पण धूर नाही, ऑइल कमी होत नाही, तर मी आधी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करतो तो) रबरी पाइप बघीन, त्याला चीर गेली की हवा निघून जाते आणि टर्बो बिचारा चांगला असतो. बारीक व्हॅक्यूम पाइप पण बघा. आणि इंजेक्टर चारी एकदम कधी जात नाहीत हो. रिटर्न टेस्ट करतात, चार बाटल्या लावायच्या, ज्याचं डिझेल जास्त परत येतं तो खराब. अर्ध्या तासाचं काम आहे.

चेसीचं पण सांगून ठेवतो कारण तुम्ही कोकणात येता. इंजिन दुरुस्त होतं, चेसी सडली की गाडी संपली. मागच्या चाकाच्या वरची बाजू, बॉडी जिथं चेसीवर बसते ती माउंटिंग, स्टेपनीच्या वरचा भाग, इथं स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघा. ठण वाजलं तर ठीक, भुसभुशीत लागलं तर विचार करा. चेसीला पाणी जायला खाली भोकं असतात ती लाल मातीनं बुजतात आणि आत पाणी साठतं, ती तारेनं मोकळी करा. पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घेऊन साध्या पाण्यानं खालून धुवायची. आणि कृपा करून खालून जळकं ऑइल मारून घेऊ नका, आमच्याकडे लोक अजून मारतात. त्यानं सगळे रबरी बुश फुगून मऊ होतात. गंजावर जाड कोटिंग मारणं पण तसंच, वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि आत लोखंड खात राहतं.

हे सगळं तपासून मग किती खर्च येतो ते ठरवा.

अमरावतीची लेक

सगळे इंजिनबद्दल लिहितायत म्हणून मी दुसरं लिहिते. दादा, तुमच्या मुली कुठे बसतात? तुम्ही लिहिलंय सात जण. पुढे तुम्ही आणि बाबा, मध्ये आई, आत्या, वहिनी. म्हणजे मुली मागच्या समोरासमोरच्या सीटवर असणार.

आमच्या घरी पण अशीच गाडी होती आणि आम्ही भावंडं लहानपणापासून मागेच बसत आलो, मजा यायची, खिडकीतून मागे बघत गाणी म्हणत जायचो. पण तीन वर्षांपूर्वी समृद्धीवर नाही, साध्या स्टेट हायवेवर, समोर गाय आली म्हणून माझ्या नवऱ्यानं कचकन ब्रेक मारला. कुणाला धडकलो नाही काही नाही. फक्त ब्रेक. माझा मुलगा मागच्या आडव्या सीटवरून घसरून मधल्या सीटच्या पाठीवर आपटला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. त्या सीटला पट्टाच नव्हता. आणि पट्टा असता तरी आडव्या बसलेल्या माणसाला तो समोरच्या झटक्यात नीट धरत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं.

तुमची गाडी २०१२ ची आहे. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ देत नाही ते) आहे का? एअरबॅग? आपल्याकडे सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याच्या आधीच्या खालच्या मॉडेलांत दोन्ही नसायचं. भारत एनकॅप (गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी) तर ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. इंजिन पाच लाख चालेल हो, मेस्त्री दादा म्हणतात ते सगळं बरोबर आहे आणि मी त्यांच्याकडून शिकले सुद्धा, पण भरवसा म्हणजे फक्त घाटात बंद न पडणं एवढाच नसतो ना. कपलिंग बदलता येतं, होज बदलता येतो, एअरबॅग मागाहून बसवता येत नाही.

मी गाडी काढून टाका म्हणत नाहीये. मुलींना तिथं बसवू नका एवढं नक्की म्हणतेय.

पिवळीपाटी (नाशिक)

ताईंचं शंभर टक्के बरोबर. मी मागच्या आडव्या सीटवर गिऱ्हाईक बसवतच नाही.

पुणे_सोलापूर

थोडं नवीन डिझेलबद्दल, कारण मेव्हण्याचा सल्ला तुम्हाला महागात पडेल. माझ्याकडे बीएस ६ (धुराचे कडक नियम पाळणारी) डिझेल आहे, २०२१ ची, दर आठवड्याला पुणे-सोलापूर, अतिशय समाधानी आहे. तीच गाडी बायको कोथरूडमध्ये मुलांना शाळेत सोडायला वापरायला लागली, ३ किमी जायचं ३ किमी यायचं, आणि दीड महिन्यात डीपीएफचा दिवा लागला.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जाळून साफ व्हायला एक्झॉस्ट खूप गरम व्हावा लागतो आणि त्यासाठी गाडी एका दमात वीस-पंचवीस मिनिटं हायवेला पळावी लागते. गाडी स्वतः जादा डिझेल टाकून जाळायचा प्रयत्न करते, तेवढ्यात तुमचं ४ किमीवरचं ऑफिस येतं आणि तुम्ही बंद करता. असं परत परत झालं की ते न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची लेव्हल उलटी वाढते. लोकांना वाटतं ऑइल वाढलंय तर चांगलंच आहे, पण ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगला घातक असतं.

तुमच्या २०१२ च्या गाडीत ही जाळी नाही म्हणून ती रोजचे ४ किमी सहन करतेय. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं, त्यानंतरचं डिझेल हे हायवेवाल्याचं. तुम्ही उद्या नवीन घेतलीच तर पेट्रोल बघा, वर्षाला ८-९ हजारात डिझेलचा वाचलेला पैसा गाडीच्या जादा किमतीत जातो. आणि एप्रिल २०२३ नंतर बनलेली घ्या म्हणजे ई २० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलची काळजी नको.

रोजच्या चार किमीला तर दुचाकी किंवा सेकंडहँड छोटी गाडी ठेवा आणि ही मोठी आठवड्यातून एकदा चांगली तासभर पळवा. तुमच्या गाडीला पण ते लागतंच.

वऱ्हाडी_रानवाट

दोन गोष्टी राहिल्या. एक उंदीर. उभ्या गाडीत उंदीर हमखास घर करतो, माझी वायरिंग एकदा कुरतडली तर १८ हजार गेले आणि नेमका कुठला सेन्सर दिवा दाखवतोय ते शोधण्यात आठ दिवस गेले. बॉनेटखाली जाळी मारून घेतली आणि रात्री बॉनेट उघडं ठेवतो, आडोसा नसला की तो बसत नाही.

दुसरं टायर. जाडी बघून फसू नका. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, समजा २३१८ असेल तर २०१८ सालचा २३ वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर दगड झालेलं असतं, पावसात ब्रेकला अजिबात धरत नाही. सहा-सात वर्षं झाली की बदला. स्टेपनी पण बघा, ती तर सगळ्यात जुनी असते.

कोयनाकाठ (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण सांगण्यासारखं काहीतरी हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

वही काढली. कूलंटची शेवटची नोंद मार्च २०१८, बाबांच्या अक्षरात. त्यानंतर मी फक्त पाणी टाकत आलो. होज सेट २०१२ चाच, कधीच बदललेला नाही. गाडीला चेन आहे, बेल्टचा प्रश्न नाही.

रविवारी मेस्त्री दादांनी सांगितलं तसं गाडी गरम करून पंखा ढकलून बघितला. चांगल्या तीन गिरक्या मारल्या. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले म्हणजे इंजिन नाही, पंखा आहे. गणपतीनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा बरं दिसलं.

मग ओळखीच्या एका फिटरकडे नेली, त्याला आधीच सांगितलं की आधी तपासायचं आणि मग बदलायचं. हेड गॅस्केट ठीक, साय नाही, बुडबुडे नाहीत. टर्बोचा शाफ्ट आत-बाहेर अजिबात हलत नाही. इंटरकूलरच्या खालच्या पाइपाला बोटभर चीर होती, तिथून सगळी हवा जात होती, पाइप बदलला आणि गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केली, तीन सारखे आणि दोन नंबरचा थोडा जास्त, तो एकच रिपेअर केला. व्हिस्कस कपलिंग, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, वरचे-खालचे सगळे होज आणि हीटरचे सुद्धा, रेडिएटर काढून आतून साफ, नवीन कूलंट. पुढचे लिंक रॉड आणि खालचे बुश गेलेले होते ते खरं निघालं. सगळे मिळून ४३ हजार ६०० झाले. १ लाख ४२ हजारचा कागद मी वहीत चिकटवून ठेवलाय.

चेसी ठोकून बघितली. मागच्या उजव्या माउंटिंगजवळ वरवरचा गंज आहे, पण आवाज ठण येतो. भोकांतून मातीचे गोळे निघाले.

दिवाळीनंतर गुहागरला जाऊन आलो, मुद्दाम तोच घाट, एसी चालू ठेवून. पोफळीपासून वरच्या वळणापर्यंत काटा अर्ध्याच्या खालीच. बाबा काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

पण अमरावतीच्या ताई, तुमची पोस्ट वाचून बायको आणि मी दोघंही त्या रात्री झोपलो नाही. आमच्या गाडीला एबीएस नाही, एअरबॅग नाही, मागच्या सीटला पट्टे नाहीत. मी तेरा वर्षं हे कधी बघितलंच नव्हतं. आता मागच्या दोन्ही सीट वर दुमडून तिथं फक्त सामान, आणि ते पण पट्ट्यानं बांधून. गाडीत पाचच माणसं, मध्ये दोन्ही मुली आणि त्यांची आई, मधल्या सीटला पट्टे होते ते पाठीमागे दाबले गेले होते ते काढून साफ केले. आई आणि आत्या यावेळी एसटीनं आल्या. आत्या जरा रुसली, पण मुलींना पट्टा लावलेला बघून म्हणाली असू दे.

त्यामुळे ठरलंय असं की ही गाडी डिसेंबर २०२७ पर्यंत ठेवायची. तोपर्यंत पैसे साठवून सगळ्या सीट पुढे तोंड असलेली, तिसऱ्या रांगेला पण पट्टे असलेली पेट्रोल सात सीटर घ्यायची. ऑफिसला मी आता स्कूटर नेतो. ही गाडी नंतर विकायची का आरसी वाढवून घ्यायची ते बाबा ठरवतील, ती त्यांची आहे.

वहीत मी पुन्हा लिहायला लागलोय. पहिली नोंद बाबांनी सांगितली आणि मी लिहिली.

आता टायरचं. चार चाकांचे कोड ३४१७ आणि स्टेपनीचा ४४१२, म्हणजे स्टेपनी गाडीसोबत आलेलीच. पाचही बदलायचे आहेत. मूळ साइजच ठेवू ना? दुकानदार एक साइज रुंद घ्या म्हणतोय, घाटात ग्रिप चांगली मिळेल म्हणे.

कुडाळचा मेस्त्री

मूळ साइजच. रुंद टायरनं स्टिअरिंग जड होईल, बेअरिंगवर लोड येईल, अ‍ॅव्हरेज पडेल आणि मडगार्डला घासायला लागेल. दुकानात टायर घेताना पाचही टायरचे कोड स्वतः वाचून घ्या, वर्षभराच्या आतलेच घ्या. अलाइनमेंट करूनच बाहेर पडा, बुश नवीन टाकलेत म्हणून. आणि कूलंटची पुढची तारीख वहीत आत्ताच लिहून ठेवा.